पायऱ्या चढताना छाती धडधडते, म्हणजे माझं हृदय कमजोर आहे का?

पुण्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४६, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत बसून काम. वार्षिक तपासणीत साखर काठावर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि त्यांनी सकाळी पर्वती चढायला सुरुवात केली. पाचेक आठवडे झाले. त्या लिहितात:

"अर्ध्या पायऱ्या झाल्या की छाती इतकी धडधडते की ठोके कानात ऐकू येतात. परवा मनगटावरच्या घड्याळात १६८ आकडा आला आणि लाल खूण दिसली. वर पोचून कठड्याला टेकून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. माझे वडील ५२ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, त्यामुळे मन घाबरतं. मिस्टर म्हणतात, हे सोड आणि घरीच प्राणायाम कर. ऑफिसातल्या एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, माणसाला हृदयाचे ठोके मोजून दिलेले असतात, ते असे उधळू नयेत. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून घरी डंबेल उचलते आहे. तीन आठवड्यांत चार किलोवरून सातवर आले, पण दंड होता तसाच आहे, मग हा व्यायाम अंगी लागतोय की नाही कळत नाही. अलीकडे पाळीत रक्तस्रावही फार होतो, थकवा त्याचाही असेल. माझं हृदय कमजोर आहे का? व्यायाम थांबवू का?"

प्रिय ताई,

व्यायाम थांबवू नका. पर्वती मात्र दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, तोवर सपाटीवर चाला, आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटून या.

डॉक्टरांकडे जायला मी धडधडीमुळे सांगत नाही. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, किंवा आई वा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर त्या घराण्याची वेगळी नोंद घेतात, आणि तुम्ही त्या नोंदीत बसता. त्यात साखर काठावर आहे, वर पोचल्यावर अंधारी येते आणि पाळीत रक्त जास्त जातं. या चार गोष्टी एकत्र आल्यावर तपासून घेणं शहाणपणाचं. रक्तदाब, ईसीजी, रक्तातली चरबी, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एवढं बघून घ्या. डॉक्टरांना गरज वाटली तर ते ट्रेडमिलवरची तपासणी, म्हणजे टीएमटी, करायला सांगतील. तिच्यात दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात. तुम्ही पर्वतीवर करता तेच काम, फक्त अंगाला ईसीजीच्या तारा लावलेल्या आणि शेजारी डॉक्टर उभे. तिला घाबरू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. धडधड म्हणजे हृदयाची तक्रार, असं तुम्ही, मिस्टरांनी आणि त्या सहकारी बाईंनीही धरून चाललेलं दिसतं. हृदय बिचारं एकटं राबतंय, त्याला झेपत नाहीये, म्हणून ते आदळतंय, असं काहीसं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि ही समजूत मला वर्गातही नेहमी भेटते. व्यायामात हृदय एकटं कधीच काही ठरवत नाही. त्याच्या आधी मेंदू ठरवतो, त्याच्या मागून स्नायू मागणी करतात, आणि मध्ये रक्तवाहिन्या वाटप करतात.

पहिल्या पायरीपासूनच बघू. बुटांच्या नाड्या बांधून तुम्ही वर नजर टाकता, तेव्हाच नाडी थोडी वाढलेली असते. पाय अजून हललेला नाही, स्नायूंनी जास्त ऑक्सिजन मागितलेला नाही, तरी हृदय तयारीला लागलेलं असतं. कारण मेंदू पायांना हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक प्रत मेंदूच्या देठाकडे जाते, जिथून नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचा कारभार चालतो. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ साली हे बारकाईने मोजलं होतं. माणूस सायकल मारू लागताच नाडी आणि श्वास इतक्या झटकन वाढतात, की पायांच्या स्नायूंतून काही रक्तात मिसळून ते हृदयापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. म्हणजे ही वाढ वरून, मेंदूकडून आलेली असते.

हृदयाला स्वतःची एक चाल असते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो कोणी न सांगता मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. मग खुर्चीत बसलेली असताना तुमची नाडी ७०-७५ कशी? व्हेगस नावाची लांबलचक नस मेंदूच्या देठातून निघून छातीत, पोटात उतरते, ती दिवसरात्र या पुंजक्याला आवरून धरते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर एक सुंदर प्रयोग केला. एका हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. नसेच्या टोकातून कुठलं तरी रसायन पाझरतं, हे त्यातून कळलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. हेच ॲसिटिलकोलीन मांडीच्या स्नायूपाशी पाझरलं की स्नायू आकुंचन पावतो. एकच रसायन पाय उचलायला लावतं आणि हृदयाला सबुरीने घ्यायला लावतं. शिकवताना इथे मी दर वेळी थोडी थांबते, कारण शरीराची काटकसर याहून चांगली दुसरीकडे दिसत नाही.

चालायला लागलात की व्हेगस आपली पकड सैल करते आणि एक-दोन ठोक्यांतच फरक पडतो. नाडी १०० च्या आसपास पोचेपर्यंतची बरीचशी वाढ एवढ्यानेच होते. त्यापुढे दुसऱ्या नसा, ज्यांना सिंपथेटिक म्हणतात, त्या जोर लावतात. ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन येतं, ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोका जोरकस होतो. कानात ऐकू येतो तो हा जोर. ज्याला तुम्ही कमजोरी समजता, ते हृदयाने ऐकलेलं आणि पाळलेलं फर्मान आहे.

पण मग सपाटीवर हे इतकं का होत नाही? त्याचं उत्तर मांड्यांमध्ये आहे. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आपल्या ताब्यातल्या अनेक स्नायूतंतूंना एकदम हलवते. डोळ्याच्या स्नायूत एका पेशीकडे दहाएक तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. काम हलकं असेल तर लहान पेशी आणि त्यांचे न थकणारे तंतू पुढे होतात. काम जड झालं की मोठ्या पेशी उतरतात, आणि त्यांचे तंतू ताकदवान पण लवकर दमणारे असतात. सपाटीवर चालताना तुम्ही शरीर फक्त पुढे नेता. पायरीवर ते सगळंच्या सगळं वजन एका पायावर वर उचलता, लगेच पुन्हा दुसऱ्या पायावर. म्हणून दोन्ही प्रकार 'चालणं'च असले तरी स्नायूंच्या दृष्टीने फार वेगळे आहेत.

त्यात आणखी एक अडचण आहे. स्नायूत तयार असलेली ऊर्जा काही सेकंदच पुरते. तिला जोड देणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आणखी दहाएक सेकंद निभावतो. ऑक्सिजनवर चालणारा मोठा कारखाना पूर्ण वेगात यायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर स्नायू साखर घाईघाईने, ऑक्सिजनशिवाय फोडून वेळ मारून नेतात. आता तुमचा क्रम बघा. गाडी लावली, दोन पावलं चाललात आणि पायऱ्या सुरू. निम्म्या पायऱ्या होतात त्या नेमक्या याच मिनिटांत. कारखाना तयार व्हायच्या आधीच सगळ्यात जड काम तुम्ही त्याच्यापुढे टाकता. तज्ज्ञ असो की नवखा, दहा मिनिटं सपाटीवर चालून मग चढलं तर तीच चढण वेगळी वाटते. बरं वाटल्यावर पर्वतीकडे परत जाल तेव्हा गाडी लांब लावा.

ऑक्सिजन स्नायूपर्यंत नेण्याचं काम रक्ताचं. बसलेली असताना तुमचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, जोराच्या व्यायामात निरोगी माणसात ते वीस लिटरपर्यंत जातं. पण नुसतं जास्त ढकलून भागत नाही, ते योग्य जागी पोचायला हवं. आपल्याकडे वॉलमन एका पेठेचं पाणी बंद करून दुसऱ्या पेठेचं सोडतो, तसं काहीसं इथे चालतं. पोट, आतडी, मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. राबणाऱ्या स्नायूंतल्या वाहिन्या तिथे तयार होणाऱ्या रसायनांमुळे आपोआप रुंदावतात. विश्रांतीत सगळ्या स्नायूंना मिळून रक्ताचा पाचवा हिस्साही जात नाही, जोराच्या व्यायामात पाचातले चार हिस्से जातात. मेंदूचा वाटा मात्र राखून ठेवलेला असतो. भरल्या पोटी चढलं की पोट का दुखतं, हेही यावरून कळेल: आतड्यांना आणि मांड्यांना एकाच वेळी रक्त हवं असतं.

या काळात वरचा रक्तदाब वाढतो, १६०-१८० पर्यंतही जातो, आणि खालचा फारसा हलत नाही. हे अपेक्षितच आहे. राबणारे स्नायूही बारीक नसांतून वर कळवत राहतात, की इथे माल कमी पडतोय. आलम आणि स्मर्क यांनी १९३७ साली हे दाखवलं. व्यायाम थांबवतानाच पट्टा आवळून त्या अवयवाचा रक्तपुरवठा अडवला, तर काम थांबूनही रक्तदाब चढलेलाच राहतो, कारण आतली रसायनं तिथेच अडकून नसांना डिवचत असतात. वरून हुकूम, खालून निरोप, आणि मध्ये हृदय.

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे. पाळीत रक्तस्राव फार होतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १३.५ असेल तर एका लिटर रक्तातून सुमारे १८० मिलिलिटर ऑक्सिजन जातो. ते ९ वर आलं असेल तर १२० च. मांड्यांची मागणी तीच, पण प्रत्येक लिटरमागे माल एक तृतीयांशाने कमी. मग हृदयाने काय करायचं? जास्त फेऱ्या. तीच पायरी, तोच वेग, आणि नाडी कितीतरी वर. चाळिशीच्या पुढच्या किती बायका 'वय झालं, दम लागतो' म्हणत वर्षानुवर्षं असंच ओढत राहतात, आणि कारण रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडण्यासारखं असतं. स्त्रियांसाठी १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तुमचं कमी निघालं तर बहुधा लोहाची भरपाई हवी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून रक्तस्रावाचं कारण शोधायला हवं. फक्त गोळ्या घेऊन ते कारण तसंच सोडू नका. तुमचं हिमोग्लोबिन कमीच असेल असं मी म्हणत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर पहिली तपासणी तीच केली असती.

आता वडिलांविषयी. हे लिहिताना मला तुमच्या मनाचा विचार आहे, पण स्पष्ट बोलायला हवं. झटका येतो तेव्हा हृदय राबून राबून झिजलेलं नसतं. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, तो एखाद्या दिवशी फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. तंबाखू, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि घराणं ही त्यामागची मोठी कारणं. त्यातलं घराणं सोडलं तर बाकीच्यांवर इलाज आहे, आणि नियमित व्यायाम रक्तदाब, साखर, चरबी या तिघांनाही उतरवायला मदत करतो. वडिलांच्या आठवणीने व्यायाम सोडणं म्हणजे त्यांना ज्याने घेरलं त्यालाच वाट मोकळी करून देणं होईल.

मात्र सावधगिरीचं खरं कारणही इथेच आहे. बाकीचे स्नायू विश्रांतीत रक्तातला पावभागच ऑक्सिजन घेतात, गरज पडली की जास्त ओढून घेतात. हृदयाचा स्नायू बसल्या जागीच जवळजवळ सत्तर टक्के घेत असतो. त्याला जास्त हवं असेल तर जास्त रक्त येण्यावाचून दुसरा मार्ग नाही. शिवाय त्याला बरंचसं रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात, आणि नाडी जितकी जलद तितका तो विसावा आखूड. निरोगी वाहिन्या रुंदावून हे सहज निभावतात. अरुंद झालेल्या वाहिनीला ते जमत नाही, म्हणून दुखणं श्रमातच तोंड वर काढतं. तेव्हा धडधडीपेक्षा पुढच्या गोष्टींवर लक्ष ठेवा: चढताना छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं आणि थांबल्यावर ते कमी होणं, जबडा, मान, खांदा, पाठ किंवा हातात कळ जाणं, कारणाशिवाय दरदरून घाम, मळमळ, ठोके चुकत, अडखळत पडणं, शुद्ध हरपणं. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती विचित्र धाप, गळून गेल्यासारखं वाटणं किंवा पित्त झाल्यासारखं वाटणंही असू शकतं. यातलं काही झालं तर त्याच जागी थांबा, बसा. काही मिनिटांत ओसरलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओसरलं नाही, किंवा शुद्ध गेली, तर १०८ ला फोन करायला सोबतच्यांना सांगा. पित्ताची गोळी घेऊन वाट बघू नका.

वर पोचल्यावरची अंधारी ही बहुधा साधी बाब आहे, पण ती डॉक्टरांना जरूर सांगा. पायांतून रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. ते आवळले की शिरांमधलं रक्त पिळून वर जातं आणि शिरांच्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तुम्ही वर पोचून एकदम कठड्याला टेकता, पोटऱ्या थांबतात, पण पायांतल्या वाहिन्या अजून सताड उघड्या असतात. रक्त तिथेच साचतं, हृदयाकडे कमी येतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं. त्यावर उपाय म्हणजे उभं राहायचं नाही. वरच्या सपाट जागेत पाच मिनिटं हळूहळू फिरत राहायचं, मग टेकायचं. सकाळी नुसत्या चहावर जात असाल तर निघण्यापूर्वी पाणी प्या, हवं तर एखादं केळं खा. चालत राहूनही अंधारी आली तर मात्र ते साधं समजू नका.

मांड्यांच्या दुखण्याचं खापर लोक लॅक्टिक ॲसिडवर, म्हणजे स्नायू घाईघाईने साखर फोडतात तेव्हा तयार होणाऱ्या पदार्थावर, फोडतात. ते तासाभरात निघून जातं, हृदय तर त्याचं इंधन म्हणून वापर करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं येतं ते मुख्यतः पायऱ्या उतरण्यामुळे, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आवर घालत असतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून येते आणि पुढच्या वेळी दुखणं कमी असतं. दोन चढायांमध्ये एक-दोन दिवस सोडा, एवढं पुरे.

डंबेलबद्दल मात्र तुम्ही खूश व्हायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी स्नायू जाड झाल्यामुळे नसते, मज्जासंस्था शिकल्यामुळे असते. जास्त चेतापेशी एका वेळी कामाला लागतात, अधिक वेगाने संदेश सोडतात, उलट ओढणारे स्नायू मध्ये येणं कमी होतं. मोरितानी आणि डीव्हरीस यांनी १९७९ मध्ये हे मोजलं, आणि त्यांच्या प्रयोगात ज्या हाताने व्यायामच केला नव्हता त्याचीही ताकद वाढलेली आढळली. स्नायूचा आकार नंतर हळूहळू वाढतो. चालू ठेवा. उचलताना श्वास मात्र कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. वजन वर जाताना श्वास सोडा.

तुमच्या सहकारी बाईंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, त्यांच्या काळजीत प्रेम आहे. पण हिशेबच करू. समजा चाळीस मिनिटं तुमची नाडी ७५ ऐवजी १३० राहिली. जादा ठोके झाले २,२००. काही महिन्यांच्या सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि विश्रांतीतली नाडी उतरते. समजा ती ७५ वरून ६८ वर आली. उरलेल्या तेवीस तासांत वाचले साडेनऊ हजारांहून जास्त. ठोके खरोखर मोजून दिलेले असते, तरी चालणाऱ्याच्याच गाठीला जास्त राहिले असते.

याला माणसांचाही दाखला आहे, आणि तो जिन्याशीच जोडलेला आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी उशिरा आणि कमी जीवघेणा. पुढे मॉरिस यांनी गणवेशाची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने मोठे होते असं दिसलं, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत देशोदेशी झालेल्या अभ्यासांनी पारडं शारीरिक हालचालीच्याच बाजूने झुकवलं आहे.

राहिला १६८ चा आकडा. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकून रक्ताचे हेलकावे मोजतं. पट्टा सैल असेल, हात हलत असेल तर ते पावलांची लयच नाडी समजून दाखवतं. खात्री करायची तर थांबता क्षणी मनगटावर किंवा गळ्याच्या कडेला बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा. आकडा खरा असेल तर त्याचा अर्थ हृदय बिघडलं असा नाही, वेग जास्त आहे असा आहे. २२० मधून वय वजा करायचं सूत्र सगळीकडे सांगतात. तुमच्यासाठी ते १७४ येतं. २००१ मध्ये सुचवलेल्या दुसऱ्या सूत्राने, म्हणजे २०८ वजा वयाच्या सात दशांश, १७६ येतं. दोन्ही सरासरी आहेत, एखाद्या व्यक्तीत दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. पण १६८ म्हणजे तुम्ही आपल्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ होतात. पाच आठवड्यांच्या सरावाला रोज तेवढ्या वर जायची गरज नाही. मे महिन्याच्या उकाड्यात तर तोच वेग नाडीला आणखी वर नेतो, कारण घाम आणि उष्णता बाहेर टाकायला कातडीलाही रक्त पुरवावं लागतं.

घड्याळापेक्षा तोंडावर विश्वास ठेवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. आठवड्याला दीडशे मिनिटं असा वेग आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर पर्वती चढा, पण पंचवीस-तीस पायऱ्यांनंतर वाक्य तुटायला लागण्याआधीच वेग कमी करा, हवं तर जागच्या जागी पाय हलवत थांबा. आणि एक चाचणी घरच्या घरी करता येते: श्रम थांबवून हळू चालायला लागलात की पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते ते बघा. व्हेगस पुन्हा ताबा घेते की नाही, ते यातून दिसतं. बारा ठोक्यांहून कमी उतरत असेल, आणि वारंवार तसंच होत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. नुसत्या त्या आकड्यावरून स्वतःचं निदान करू नका. सरावाने हा उतार वाढत जातो, आणि तो बघताना फार बरं वाटतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुद्दामच खाली ठेवलेली असते. वरची सूत्रं तुम्हाला लागू नाहीत, आणि 'व्यायामात नाडी वाढत नाही' म्हणून ती गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नका. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयाकडे जाणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असू शकतात. त्यांना छातीतली कळ जाणवेलच असं नाही, म्हणून त्यांनी चढाचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

मिस्टरांच्या सांगण्यातला प्राणायाम सोडू नका. सावकाश श्वासाने व्हेगसचा जोर वाढतो, मन शांत होतं. पण त्याने मांड्यांना काम मिळत नाही, आणि तुमची काठावरची साखर वापरणारे सगळ्यात मोठे ग्राहक मांड्या आणि पोटऱ्याच आहेत. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतो. तेव्हा दोन्ही करा. आणि त्यांना काळजी वाटते ना, तर सकाळी सोबत यायला सांगा. बोलत बोलत चालायचं तर सोबत कोणीतरी हवंच, आणि त्यांच्या वयालाही रक्तदाब मोजून घ्यायला हरकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना वडिलांचं त्या वेळचं वय, मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा आणि किती दिवस रक्त गेलं ते, साखरेचा जुना रिपोर्ट, आणि अंधारी नेमकी केव्हा येते, चालताना की थांबल्यावर, एवढं कागदावर लिहून न्या. हिमोग्लोबिन किती आलं ते मला कळवा.